छावणीच्या फाटकातून स्वतःचं पिस्तूल आत न्यावं का?

ऑस्टिनकर

बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. विषय घरातला आहे, पण चर्चा घराबाहेर करावी म्हटलं, कारण घरात ती दुसऱ्या वाक्याला भांडणावर येते.

माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा अमेरिकन सैन्यात आहे. वय २३, जन्म अमेरिकेतलाच, मराठी सगळं कळतं, बोलताना अजून 'मी जाते' म्हणतो. सध्या टेक्सासमधल्या फोर्ट हूड छावणीत आहे, माझ्या घरापासून गाडीने सव्वा तास. आधी बरॅकमध्ये राहायचा, आता शेजारच्या किलीन गावात मित्राबरोबर भाड्याने घर घेतलंय. नव्या घरात सोफा यायच्या आधी पिस्तूल आलं. आता साहेब म्हणतात, कमांडरकडे अर्ज करणार, रोज कामाला जाताना ते कमरेला लावून छावणीत नेऊ द्या म्हणून.

ताईने फोनवर विचारलं, "अरे, सैनिकाला सैन्याच्या छावणीत बंदूक न्यायला परवानगी लागते?" मीही आधी हसलोच. मग दोन रात्री वाचत बसलो.

तर भानगड अशी आहे. सैन्याची हत्यारं शस्त्रागारात कुलूपबंद असतात, सरावाला, पहाऱ्याला किंवा मोहिमेवर जातानाच बाहेर निघतात. स्वतःचं हत्यार छावणीत ठेवायचं तर नोंदणी करावी लागते, आणि बरॅकमध्ये राहणाऱ्याने तेही शस्त्रागारातच जमा करायचं. भरलेलं पिस्तूल कमरेला लावून हिंडायचं काम लष्करी पोलिसांचं. हा नियम फेब्रुवारी १९९२ चा, थोरले बुश अध्यक्ष असतानाचा. लष्कराने त्यावरून आपली नियमावली मार्च १९९३ मध्ये काढली, तोवर क्लिंटन गादीवर आले होते. म्हणून आजही बंदूकवाली मंडळी 'क्लिंटनने सैनिकांना निःशस्त्र केलं' म्हणून त्यांच्याच नावाने बोटं मोडतात.

मग ५ नोव्हेंबर २००९ ला याच फोर्ट हूडमध्ये निदाल हसन या मेजरने, लष्कराच्याच मानसोपचारतज्ज्ञाने, १३ जणांना गोळ्या घातल्या. परदेशी मोहिमेवर निघालेल्या सैनिकांच्या तपासण्या चालतात त्या इमारतीत. सगळे निःशस्त्र. मायकल केहिल नावाचे ६२ वर्षांचे नागरी कर्मचारी खुर्ची उचलून त्याच्या अंगावर धावले आणि मारले गेले. पाच वर्षांनी, २ एप्रिल २०१४ ला, पुन्हा तिथेच रजेच्या अर्जावरून वाजलं आणि एका सैनिकाने तिघांना मारून स्वतःला संपवलं. दोघांनीही पिस्तूल किलीनमधल्या एकाच दुकानातून घेतलेलं, दोन्ही खासगी मालकीची.

जुलै २०१५ मध्ये चॅटानूगात नौदलाच्या राखीव केंद्रावर हल्ला होऊन चार मरीन आणि एक नौसैनिक गेले, तेव्हा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायद्यातच घातलं की कमांडरना परवानगी देता येईल अशी पद्धत बसवा. नोव्हेंबर २०१६ मध्ये नियम बदलला. लेफ्टनंट कर्नल किंवा त्याच दर्जाचा वा वरचा अधिकारी आता लेखी परवानगी देऊ शकतो. 'देऊ शकतो' हे महत्त्वाचं, 'देतो' नव्हे.

भाच्याचं म्हणणं सरळ आहे. "मामा, मी वॉलमार्टमध्ये कमरेला पिस्तूल लावून दूध आणू शकते. २०२१ पासून टेक्सासमध्ये त्याला परवानासुद्धा लागत नाही. आणि ज्यांनी मला मशीनगन शिकवली त्यांच्या फाटकात मात्र मी संशयित." मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचतंय का बघा.

गुगली

पहिलं उत्तर: भाच्याला आधी सोफा घेऊन द्या.

*(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)*

काडेपेटी

भाच्याचं शंभर टक्के बरोबर आहे आणि या संस्थळावर त्याला एकही मत मिळणार नाही, हेही माहीत आहे. तरी लिहितो.

१. फाटकावरची पाटी वाचून शस्त्र बाहेर ठेवणारा माणूस हा कायदा पाळणारा असतो. हसन पाटी वाचत बसला नव्हता.

२. ६ डिसेंबर २०१९, पेन्साकोला. सौदी हवाई दलाचा प्रशिक्षणार्थी, अमेरिकेचा नागरिकही नाही, शिकारीच्या परवान्याची पळवाट वापरून कायदेशीर पिस्तूल घेतो आणि नौदलाच्या तळावर तिघांना मारतो. त्या तिघांतला एक नेव्हल अकादमीच्या रायफल संघाचा कर्णधार होता. नीट वाचा. रायफल संघाचा कर्णधार. हातात काहीच नव्हतं त्याच्या. बाहेरून शेरिफचे लोक येईपर्यंत जो काय खेळ व्हायचा तो झाला.

३. ऑस्टिनकर, तुम्ही किलीनचं नाव घेतलंत आणि किलीनचीच मोठी गोष्ट विसरलात. १६ ऑक्टोबर १९९१, लुबीज नावाचं जेवणघर, २३ बळी. सुझॅना ग्रॅशिया नावाची बाई आईवडिलांबरोबर जेवत होती. तिचं रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत, कारण तेव्हाच्या टेक्सासच्या कायद्याने पर्समध्ये ठेवणं गुन्हा. दोन्ही आईबाप त्या गोळीबारात गेले. १९९५ मध्ये टेक्सासने कायदा बदलला, आणि पुढे ती आमदार झाली. म्हणजे गावाने धडा घेतला, गावाला लागून असलेल्या छावणीने घेतला नाही. आणि मग त्या छावणीत दोनदा तेच घडलं.

आता या, हाणा.

सुभेदार_आबा

राम राम मंडळी. नातवाच्या मोबाइलवर टाइप करतोय, चुका पोटात घाला.

तोफखान्यात २६ वर्षं काढली. देवळालीत शिकलो, मग पंजाब, सिक्कीम, जम्मू, पुन्हा पंजाब. आता सातारा तालुक्यात ऊस बघतो. अमेरिकेचं मला कळत नाही, पण छावणी कळते.

पहिली गोष्ट. फौजेत हत्यार जवानाचं नसतं, कोतचं असतं. कोत म्हणजे युनिटचं हत्यारघर. सकाळी सही करून, बट नंबर, म्हणजे दस्त्यावरचा क्रमांक, बघून घ्यायचं, काम झालं की साफ करून, मोजून परत. कोत एनसीओ, म्हणजे कोत सांभाळणारा, हा हवालदार असला तरी त्या दारात कर्नलसाहेबांनापण त्याच्या रजिस्टरवर सही करावी लागते. एकदा रेंजवरून परत आल्यावर एक खोका, म्हणजे झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी, कमी भरली. जिवंत गोळी नाही, रिकामी पुंगळी! सगळी बॅटरी, म्हणजे तोफखान्याची आमची तुकडी, टॉर्च घेऊन गवतात. जेवण बंद. रात्री अकराला सापडली, एका रंगरुटाच्या बुटात. त्याला माहीतच नव्हतं. त्या दिवशी आम्ही त्या पोराला लय शिव्या घातल्या, पण सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, साहेबांना एकानं शिवी दिली नाही.

आमच्या एका साहेबांकडं स्वतःचं रिव्हॉल्व्हर होतं, कानपूर फॅक्टरीचं, .३२. रीतसर परवाना. युनिटमध्ये असेपर्यंत ते कोतमध्येच जमा. सुट्टीवर जाताना घेऊन जायचे, आल्यावर पहिलं काम जमा करायचं. त्यांना त्यात कधी अपमान वाटल्याचं मी बघितलं नाही.

दुसरी गोष्ट. फौजेत माणूस दोन कारणांनी डोक्यावर जातो, छुट्टी आणि बेइज्जती. ऑस्टिनकरांनी लिहिलंय ना, रजेच्या अर्जावरून झालं, मला वाचून नवल वाटलं नाही. १२ एप्रिल २०२३ ला भटिंड्याला काय झालं आठवतंय? तोफखान्याचीच युनिट. पहाटे चार जवान झोपेत मारले. आधी सगळे म्हणाले अतिरेकी. शेवटी पकडला कोण, तर त्यांच्यातलाच एक गनर, मनात वैयक्तिक खुन्नस. त्याला आधी रायफल आणि २८ गोळ्या चोराव्या लागल्या, आणि रायफल गायब आहे म्हणून बोंबाबोंब आधीच सुरू झालेली. आता हेच पिस्तूल जर त्याच्या कमरेलाच असतं तर? चोरायची गरज नाही, तीन दिवस थांबायची गरज नाही. राग आला की हात खाली.

भाचा चांगला पोरगा असणार. पण कायदा चांगल्या पोरासाठी नसतो, शंभरातल्या त्या एकासाठी असतो, आणि तो एक कोण हे सीओला सकाळच्या रोल कॉलमध्ये दिसत नाही.

ढवळाढवळ

आबा, दंडवत. 'हत्यार कोतचं असतं' हे वाक्य डायरीत लिहून घेतलं.

काडेपेटी

आबांचा आदर राखून विचारतो. भटिंड्यात चौघांपैकी एकाजवळ जरी काही असतं तर?

सुभेदार_आबा

झोपेत होते हो.

बॅरिस्टर_नाही

न्यू जर्सीत वकिली करतो, बंदुकीच्या कायद्यात नाही, पण थोडंफार कळतं.

काडेपेटींच्या यादीत एक नोंद राहिली, ती मीच भरतो, कारण ती त्यांच्या बाजूची वाटते आणि नीट बघितली तर नाही. चॅटानूगाला त्या केंद्राच्या प्रमुखाजवळ, लेफ्टनंट कमांडर टिमथी व्हाइट यांच्याजवळ, स्वतःचं पिस्तूल होतं. नियमबाह्य. त्यांनी हल्लेखोरावर झाडलंसुद्धा. नंतर त्यांच्यावर खटला भरणार अशी आवई उठली, लोक खवळले, नौदलाने काही केलं नाही. तरीही पाच गेलेच. पिस्तूल विरुद्ध हल्ल्याची रायफल हा सामना बरोबरीचा नसतो.

त्याच महिन्यात हौशी नागरिक सैन्यभरती केंद्रांबाहेर रायफली घेऊन पहाऱ्याला उभे राहिले होते. ओहायोत त्यांतल्या एकाची बंदूक कुणाला दाखवताना उडाली. नशिबाने रस्त्यात गेली.

आता कायद्याचं. १९९६ च्या दुरुस्तीने घरगुती मारहाणीत साध्या गुन्ह्यात जरी दोषी ठरलात तरी बंदूक बंद, आणि सैनिकांना यात सूट नाही. म्हणजे वर्दीतल्या प्रत्येकाला आपण हत्यार देतोच असं नाही, काहींना कायद्याने देताच येत नाही. मग परवानगी देणाऱ्या कर्नलला प्रत्येक अर्जाआड हे सगळं तपासायला लागतं, आणि उद्या त्या पिस्तुलातून काही घडलं तर चौकशीत पहिली सही त्याची निघते. २०१६ पासून दार उघडं असूनही आत फार कुणी का गेलं नाही, याचं मला तरी हेच कारण दिसतं. नियमाने 'हो' म्हटलं आणि जबाबदारी एकट्या माणसाच्या गळ्यात टाकली. तो 'नाही'च म्हणणार.

भाच्याला एक खोचक प्रश्न विचारा. इराक-अफगाणिस्तानात चोवीस तास हत्यार जवळ असायचं, जेवणाच्या तंबूतसुद्धा. पण 'सर्वसाधारण आदेश क्रमांक १' नावाचं जे फर्मान तिथे लागू होतं त्यात दारूबरोबर कशावर बंदी होती? खासगी बंदुकांवर. भर युद्धात! सैन्याला सशस्त्र सैनिकाची भीती नाही. ज्याचा नंबर आपल्या रजिस्टरात नाही त्या बंदुकीची आहे.

काडेपेटी

हा मुद्दा चांगला आहे, मानतो. पण मग सैन्याने आपल्या रजिस्टरातलं पिस्तूल द्यावं ना रोज! तेही देत नाहीत. तुम्ही म्हणता खासगी नको, सरकारी मिळत नाही, म्हणजे शेवटी काय, खुर्ची घेऊन धावा?

मनमोकळी

वडील फौजी, नवरा फौजी, त्यामुळे माझं अर्धं आयुष्य एमईएसच्या, म्हणजे लष्कराच्या बांधकाम खात्याच्या, पिवळ्या भिंतींत गेलंय.

२९ नोव्हेंबर २०१६ ला जम्मूजवळ नगरोट्याच्या छावणीवर हल्ला झाला तेव्हा आम्ही झाशीला होतो. त्यात पंढरपूरचे मेजर कुणाल गोसावी गेले, नांदेडचे संभाजी कदम गेले. अतिरेकी पोलिसांच्या वेशात आले आणि थेट अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये, राहत्या इमारतींत घुसले. दोन अधिकाऱ्यांच्या बायकांनी तान्ह्या मुलांसकट घरातलं सामान दाराला लावून त्यांना आत येऊ दिलं नाही. सहा महिन्यांनी आमचं पोस्टिंग जम्मूला आलं. क्वार्टरच्या मागे भिंत, भिंतीमागे नाला. पहिल्या रात्री मी दाराला काय काय लावता येईल ते मोजलं. फ्रीज, लोखंडी ट्रंका दोन, कपाट मला एकटीला हलत नव्हतं.

त्या रात्री मला कुणी विचारलं असतं तर मी काडेपेटींच्या बाजूने दोन्ही हात वर केले असते. हे प्रामाणिकपणे सांगते, कारण इथे सगळे शहाण्यासारखं बोलतायत आणि भीती कुणीच लिहीत नाहीये.

पुढे काय झालं ते पण सांगते. अलर्ट असला की नवऱ्याला युनिटमधून हत्यार इश्यू व्हायचं, ते घरी यायचं. पहिल्यांदा मला हायसं वाटलं. मग मुलगा चार वर्षांचा. बाबांचा बेल्ट, बाबांची टोपी, बाबांचे बूट घालून घरभर फिरणारा. मी झोपलेच नाही. नाल्याकडे कान आणि कपाटाकडे डोळे. सकाळी ते परत जमा झालं की चहा गोड लागायचा.

मला उत्तर माहीत नाही. फक्त एवढं, की 'कमरेला' असं सगळे म्हणतायत, पण कमरेला ते बारा तास असतं. उरलेले बारा तास?

ऑस्टिनकर

मनमोकळी, तुमचा प्रतिसाद ताईला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, म्हणजे तिला पटलं.

पुणेरी_चौकस

पण मुळात भारतीय मुलाने अमेरिकेसाठी का लढावं, हा खरा प्रश्न नाही का? आणि फौजेत जायचंच तर इथे…

संपादक

वरच्या प्रतिसादातला उरलेला भाग आणि त्याखालचे नऊ उपप्रतिसाद उडवले आहेत. वेगळा धागा काढा. पक्ष, जात आणि अणुकरार यांचा इथे संबंध नाही.

गोदाकाठ

नाशिकला मनोविकारांची प्रॅक्टिस आहे, देवळाली जवळ असल्याने निवृत्त फौजी आणि त्यांची कुटुंबं बऱ्यापैकी येतात. मनमोकळींनी ज्या बारा तासांकडे बोट दाखवलं तिथून सुरू करते.

धाग्यात आलेल्या आणि न आलेल्या घटना एकत्र करा. फोर्ट हूड १३, मग वॉशिंग्टनच्या नेव्ही यार्डात सप्टेंबर २०१३ मध्ये १२, फोर्ट हूड पुन्हा ३, चॅटानूगा ५, पेन्साकोला ३. दहा वर्षांत ३६ जीव. (नेव्ही यार्डात हल्लेखोर शॉटगन घेऊन आला होता, पिस्तूल त्याने तिथल्याच मारलेल्या पहारेकऱ्याचं घेतलं. काडेपेटी, हेही यादीत घाला.)

आता दुसरी बेरीज. अमेरिकन सैन्यात नियमित सेवेतलेच तीनशेहून जास्त लोक अलीकडे दरवर्षी आत्महत्या करतात. म्हणजे वरचा दहा वर्षांचा आकडा दीड महिन्यात भरतो. यांतले साठ टक्क्यांहून जास्त बंदुकीने जातात, आणि ती बंदूक बहुतेक वेळा सैन्याची नसते, त्या माणसाच्या मालकीची असते.

लोकांना वाटतं ज्याला मरायचंय तो कसाही मरेल. माझ्या खुर्चीतून तसं दिसत नाही. ती लाट येते आणि उतरते. कधी अर्ध्या तासात उतरते. त्या अर्ध्या तासात हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं. दोरी शोधावी लागते, औषधाच्या गोळ्या खाल्ल्या तर पोट धुता येतं. बंदूक दुसरी संधी देत नाही. २०२३ मध्ये त्यांच्या संरक्षण खात्याने नेमलेल्या समितीने सांगितलं होतं की निदान लष्करी आवारातल्या दुकानांतून बंदूक विकताना सात दिवस थांबायला लावा, वय २५ करा. खात्याने त्या समितीच्या पुष्कळ शिफारशी घेतल्या, या घेतल्या नाहीत. भाचा २३ चा आहे म्हणून मुद्दाम लिहिलं.

काडेपेटी

डॉक्टर, आकडे खोटे नाहीत, पण तुम्ही दुसऱ्याच परीक्षेचा पेपर सोडवलात. ती बंदूक आधीच घरी आहे. फाटकातून आत नेऊ दिली नाही म्हणून घरातली आत्महत्या थांबत नाही. उलट ऑस्टिनकरांचा भाचा बरॅकमध्ये असता तर शस्त्रागाराने जमा करून घेतली असती, आता तो भाड्याच्या घरात उशाशी घेऊन झोपतो. म्हणजे तुमच्याच तर्काने छावणीतला नियम बिनकामाचा.

गोदाकाठ

हे बरोबर आहे. दोन दिवस विचार केला, यातून सुटका नाही.

माझा आक्षेप मग वेगळ्या शब्दांत मांडते. मला फाटकाची काळजी नाहीच. एकदा 'रोज जवळ बाळगायचं' हे ठरलं की ते भरलेलं राहतं, कुलपात जात नाही, जेवायच्या टेबलावर किल्ल्यांशेजारी पडतं. सवय बदलते. छावणीची परवानगी त्या सवयीवर शिक्कामोर्तब करते.

अश्दोदकर

शालोम आणि नमस्कार. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, आजोळ अलिबागजवळ, गावात आम्हाला शनवार तेली म्हणायचे. मी १९७१ पासून इस्राएलात. माझं मराठी जुनं आहे, सांभाळून घ्या.

काडेपेटी यांना माझा देश फार आवडत असेल, कारण इथे बसमध्ये, बाजारात, आइस्क्रीमच्या रांगेत खांद्याला रायफल लावलेली पोरं दिसतात. माझे दोन्ही मुलगे तसेच शुक्रवारी दुपारी घरी यायचे. बायको आधी रायफलीकडे बघायची, मग पोराकडे. कपडे धुवायला, रायफल माझ्या खोलीत कपाटाला. शनिवार संपला की परत.

पण पुढचं बहुतेकांना माहीत नाही. २००६ मध्ये आमच्या लष्कराने ठरवलं की आठवड्याच्या सुट्टीला घरी जाणाऱ्या बऱ्याच सैनिकांनी रायफल तळावरच ठेवून जायची. कारण होतं हेच, जे डॉक्टरबाईंनी लिहिलं. नंतर डॉक्टर लोकांनी मोजलं तर १८ ते २१ वयातल्या सैनिकांच्या आत्महत्या चाळीस टक्क्यांनी उतरलेल्या. आणि उतरल्या कुठे, तर आठवड्याच्या सुट्टीतल्या, शुक्रवार-शनिवारच्या. आठवड्यातल्या कामाच्या दिवशीच्या जवळजवळ तेवढ्याच राहिल्या. पोरांना कुणी औषध दिलं नाही, व्याख्यान दिलं नाही. फक्त रायफल तिकडे आणि पोरगा इकडे.

स्वित्झर्लंडवाल्यांचंही असंच घरी हत्यार असतं, पण त्यांनी २००७ पासून गोळ्या घरून परत मागवल्या. बंदूकसुद्धा परत घ्या असं २०११ मध्ये लोकांना मतदानात विचारलं, तर ५६ टक्के लोक नाही म्हणाले. आपल्या आजोबांची बंदूक कोण देतो.

ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर इथे चित्र पुन्हा पालटलं, परवान्यांसाठी रांगा लागल्या. धाकट्यानेही घेतला. मी काही बोललो नाही, ते दिवस बोलायचे नव्हते.

सुभेदार_आबा

अश्दोदकर, तुमचं मराठी जुनं नाही, आमच्याच वाडीचं आहे.

जवान सुट्टीवर गेला आणि हत्यार कोतमध्ये राहिलं, हे आमच्याकडं पहिल्यापासून. आम्हाला वाटायचं चोरीच्या भीतीनं. त्यात हेपण होतं म्हणायचं.

काडेपेटी

ठीक आहे. मी माझी भूमिका थोडी सरकवतो. (स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुन्हा होणार नाही.) निवडक, प्रशिक्षित, तपासलेल्या लोकांना सैन्यानेच पिस्तूल द्यावं, संध्याकाळी परत घ्यावं. आबांचं रजिस्टर आणि माझी गोळी. खासगीचा हट्ट सोडतो. पण 'कुणाकडेच नको' हे मला आजही मान्य नाही. पठाणकोटला जानेवारी २०१६ मध्ये डीएससीचे, म्हणजे संरक्षण सुरक्षा दलाचे, जगदीश चंद नुसत्या हातांनी अतिरेक्यावर धावून गेले, त्याचीच रायफल हिसकावून त्याला मारलं आणि स्वतः गेले. कीर्तिचक्र दिलं आपण. मला त्या कीर्तिचक्राचा अभिमान आहे आणि रागही येतो.

बॅरिस्टर_नाही

ऑगस्ट २०२५ चं फोर्ट स्टुअर्ट विसरू नका. जॉर्जियात एका सार्जंटने स्वतःचं पिस्तूल छावणीत आणून पाच सहकाऱ्यांना गोळ्या घातल्या. आवरला कुणी, तर तिथल्याच निःशस्त्र सैनिकांनी अंगावर झेप घेऊन. पाचही वाचले. यातून कुठलीही बाजू सिद्ध होते, म्हणून मी इतके दिवस लिहिलं नव्हतं.

गुगली

जनरल मार्क मिली फोर्ट हूडचे प्रमुख होते २०१४ च्या वेळी. पुढे लष्करप्रमुख झाल्यावर २०१६ मध्ये सिनेटसमोर त्यांना हेच विचारलं तर म्हणाले, छावणीत सैनिकांनी लपवून खासगी हत्यारं बाळगावीत असं मला वाटत नाही. ज्याच्या अंगणात घडलं तोच नको म्हणतोय, एवढं नोंदवतो. पहिल्यांदाच गंभीर लिहिलंय, कृपया कुणी दाद देऊ नये.

ऑस्टिनकर

तीन आठवडे झाले, धागा वर काढतोय.

अर्ज गेलेला नाही. भाच्याच्या तुकडीला महिनाभराच्या सरावासाठी कॅलिफोर्नियात फोर्ट अर्विनच्या वाळवंटात नेलंय. जायच्या आदल्या रात्री माझ्याकडे जेवायला आला. पिठलं-भाकरी खाल्ली, तुमचा धागा मी त्याला वाचून दाखवला. भटिंड्याच्या ठिकाणी थांबला. म्हणाला, त्यांच्या कंपनीतही एक जण आहे, रजा नाकारली गेल्यापासून कुणाशी बोलत नाही. "मी सार्जंटला सांगितली त्याच्याबद्दल." सांगितली म्हणजे सांगितलं.

मग निघताना पिशवीतून पिस्तूल काढून टेबलावर ठेवलं. घरमित्रावर भरवसा नाही, महिनाभर तुमच्याकडे ठेवा म्हणाला. म्हणजे मंडळी, छावणीच्या फाटकातून आत गेलं नाही ते सध्या माझ्या घरात आलंय.

बॅरिस्टर_नाही

एक मिनिट. तुम्ही नागरिक आहात, ग्रीनकार्डवर की व्हिसावर? व्हिसावर असाल तर बंदूक ताब्यात ठेवणं हाच संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. त्याला शिकारीच्या परवान्याचा अपवाद आहे, पेन्साकोलावाल्याने वापरला तोच.

ऑस्टिनकर

नागरिक आहे हो, २०१४ पासून. शिकार मी डासांची सोडून केलेली नाही.

सुभेदार_आबा

मॅगझिन काढून ठेवलंय का? चेंबर बघितला का? गोळ्या वेगळ्या जागी?

ऑस्टिनकर

आबा, भाच्याने समोर काढून दाखवलं, मला दोनदा करायला लावलं. पिस्तूल छोट्या तिजोरीत, पासपोर्टांखाली. गोळ्या गॅरेजमध्ये, दिवाळीच्या माळांच्या खोक्यात. किल्ली बायकोने घेतली आणि कुठे ठेवली ते मला सांगायला नकार दिलाय. कालपासून घरात पासपोर्टसुद्धा मागून घ्यावा लागतो.

सुभेदार_आबा

वहिनींना सलाम सांगा. रजिस्टर घालायला सांगा त्यांना.